नियम आधी सांगा

मंडळी, आजची पोस्ट पोरांच्या एका खेळावरून सुरू होते. लगेच पुढे सरकू नका. नाशिकशी आणि येणाऱ्या सिंहस्थाशी तिचा संबंध आहे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी भाच्याला आणायला गंगापूर रोडला त्याच्या मित्राकडे गेलो. दार उघडं, आत जोरदार भांडण. मला वाटलं मारामारी झाली. बघतो तर पाच पोरं टेबलाभोवती बसलेली, समोर कागद, पेन्सिली, वीस बाजूंचे फासे आणि अर्धा संपलेला चिवडा. वाद काय, तर एका जादूच्या पिशवीत कैद्याला किती वेळ कोंडून ठेवता येईल!

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. प्रत्येक जण एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. एक जण सूत्रधार असतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो गोष्ट पुढे नेतो आणि नियमाचा अर्थ लावायची वेळ आली की शेवटचा शब्द त्याचा.

या खेळात जादूच्या वस्तू असतात आणि प्रत्येक वस्तूचा नियम पुस्तकात छापलेला असतो. ती पिशवी म्हणजे 'बॅग ऑफ होल्डिंग'. बाहेरून साधी, आत ५०० पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो सामान मावतं. जिवंत प्राणी आत टाकला तर त्याला १० मिनिटं पुरेल इतकी हवा. दोघांना टाकलं तर पाच-पाच मिनिटं. इथपर्यंत सगळं स्पष्ट.

आता पोरांचा प्रश्न ऐका. आठव्या मिनिटाला पिशवी क्षणभर उघडून परत बंद केली, तर १० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची का? पुस्तकात याचं उत्तर नाही. एक म्हणाला, लिहिलेलं नाही म्हणजे चालत नाही. दुसरा म्हणाला, मनाई लिहिलेली नाही म्हणजे चालतं. आपल्या कोर्टातले वकील दुसरं काय करतात?

सूत्रधार पोरगा अकरावीतला. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हवेसाठी नियम आहे ना? मग पिशवी उघडली की ताजी हवा जाणार. मोजणी पुन्हा सुरू. पण हे उद्या शत्रूच्या पिशवीलाही लागू राहील." आणि त्याने तो निर्णय वहीत तारीख टाकून लिहिला.

मी उभ्या उभ्या बघत राहिलो. बारा-पंधरा वर्षं कोर्टाच्या बातम्या केल्यात. शब्द काय आहेत ते वाचायचं, ते तोकडे पडले तर नियम कशासाठी केला ते बघायचं आणि जो अर्थ लावला तो सगळ्यांना सारखा लावायचा. पोराने तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत केल्या.

घरी येताना गाडीवर भाच्याला विचारलं, "सूत्रधाराने मनात आणलं तर तो काहीही करू शकतो ना?"

"करू शकतो की मामा. पण वस्तू वापरून झाल्यावर नवीन अट काढली तर पुढच्या शनिवारी कोणीच येणार नाही."

मी म्हटलं, शापित वस्तूही असतात म्हणे. तो म्हणाला, असतात, आणि तो शाप खेळाडूला सांगत नाहीत. पण तोही पुस्तकात किंवा सूत्रधाराच्या वहीत आधीच लिहिलेला असतो. खेळाडू फसला म्हणून मागाहून तयार केलेला नसतो.

या वाक्यावर मला माझी आत्या आठवली.

आत्या निफाडकडची. २००९ च्या सुमाराची गोष्ट. तिचा मुलगा पदवी घेऊन घरी बसलेला. तिने एक यंत्र मागवलं, तांब्याचा पत्रा आणि त्यावर आकडे. व्ही.पी.पी. सोडवली. चाळीस दिवसांत नोकरी, असं जाहिरातीत होतं. चाळीस दिवस गेले, साठ गेले. तिने फोन केला. पलीकडून विचारणा सुरू. घरात सुतक होतं का? यंत्राचं तोंड दक्षिणेला होतं का? शुक्रवारी पुसलं का? आत्या म्हणाली, एकदा पुसलं असेल. झालं! दोष निघाला, आता शुद्धीकरण, आणखी ११०० रुपये. तेही तिने पाठवले.

शुक्रवारी पुसायचं नाही, हे त्या पत्र्याबरोबर आलेल्या कागदावर कुठेच नव्हतं. मी तो कागद नंतर वाचलाय.

आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ती जाहिरात मी तेव्हा ज्या पेपरात होतो तिथेच छापून आली होती. प्रूफ मीच वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, मजकूर तसाच सोडला. आत्या म्हणायची, "तुझ्या पेपरात आलं म्हणून घेतलं रे." ती आता नाही. यंत्र खोटं होतं असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही. आपल्याच हातून चूक झाली, असं वाटायचं.

कोणी म्हणेल, तू श्रद्धेवर घसरलास. अजिबात नाही. उलट आपल्या पुराणांकडे बघा. हिरण्यकशिपूने वर मागताना एखाद्या वकिलासारखा मसुदा केला. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंहाने त्याला संध्याकाळी, उंबऱ्यावर मारलं. वराचा एक शब्दही न मोडता. भस्मासुराने दिलेला वर महादेवांवरच उलटवला. प्रत्यक्ष महादेवांना पळावं लागलं, पण "अटी लागू" असं ते म्हणाले नाहीत. विष्णूला मोहिनी व्हावं लागलं आणि भस्मासुराने स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर तोच नियम लावून घेतला. आपल्या कथांतले देवसुद्धा दिलेला शब्द मागाहून बदलत नाहीत. बदलतो तो पत्रा विकणारा.

आता कायद्याचं बघू. १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्यात ताईत, मंत्र, कवच ही नावं घेऊन व्याख्या केलीय. पण ती आजार आणि शरीर यांच्यापुरती आहे. मधुमेह बरा करतो म्हणणारा ताईत त्यात सापडतो. नोकरी लावतो, धन आणतो म्हणणारा निसटतो.

मग २०१३ चा आपल्या महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा. २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. अनुसूचीत १२ नोंदी. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. यंत्रांच्या जाहिरातीची वेगळी नोंद त्यात नाही. पण तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून फसवणं त्यात आहे आणि 'प्रचार' या शब्दाच्या व्याख्येत जाहिरातही धरलेली आहे.

जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे टीव्हीवर विकल्या जाणाऱ्या हनुमान चालिसा यंत्राचा विषय होता. खंडपीठाने सांगितलं, देवाच्या किंवा बाबाच्या नावाने वस्तू विकताना तिच्यात अलौकिक शक्ती असल्याची जाहिरात करणं या कायद्याखाली बेकायदेशीर आहे. म्हणजे तेच, नियम कशासाठी केलाय ते बघून अर्थ लावला.

याच कायद्याच्या शेवटी पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, ज्योतिषाचा सल्ला यांना सूट दिलेली आहे. तीही तितकीच वाचली पाहिजे. रामकुंडावर कुणी रुद्राक्ष घेतो, त्र्यंबकला कुणी पूजा करतो, त्यात कोणाला त्रास असायचं कारण नाही. 'मन शांत राहील, घ्या' म्हणणारा आणि 'चाळीस दिवसांत नोकरी, हमखास' म्हणणारा, यात फरक आहे. पण आपल्याकडे तक्रार घेऊन गेलं की बऱ्याचदा ऐकायला मिळतं, 'जाऊ द्या हो, श्रद्धेचा विषय आहे.' सुटीचं कलम सगळ्यांना पाठ आणि अनुसूची कुणाच्या लक्षात नाही!

२०२६-२७ चा सिंहस्थ आपल्या दारात आहे. लाखो लोक येणार, त्यांच्याबरोबर पत्रे, अंगठ्या, दोरे विकणारेही येणार. म्हणून दोन गोष्टी.

पहिली प्रशासनाला. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, पोलीस निरीक्षकापेक्षा खालचा नाही असा. पंचवटीत, त्र्यंबकला, साधुग्रामात त्याचं नाव आणि नंबर मोठ्या अक्षरात लावा. शाही मार्गाचे फलक लावता, त्यातच एक हाही.

दुसरी तुम्हा-आम्हाला. कोणी चमत्काराची वस्तू देऊ केली तर भांडू नका, फक्त कागद मागा. ही काय करते, किती दिवसांत करते, अटी कोणत्या, आणि झालं नाही तर पैसे परत का? आधी लिहून द्या, सही करा. बघा किती जण देतात.

आणि पेपरवाल्या मित्रांनो, प्रूफ वाचताना ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडेही बघत जा. माझ्याकडून ते राहिलं.

पुढच्या शनिवारी पोरांनी मला खेळायला बोलावलंय. पात्र ठरलंय, मांत्रिक. जादूची अंगठी मिळाली तर आधी नियम वाचून घेणार आहे.