धोका दोन विभागांच्या मधल्या जागेत

17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 2019पासून जागतिक आरोग्य संघटना हाच दिवस रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळते. संघटनेच्या अंदाजानुसार दर दहापैकी एका रुग्णाला उपचारादरम्यानच इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. आपल्याकडे मात्र दुर्घटना घडली, की ‘दोषी कोण?’ एवढेच विचारले जाते. निलंबन होते, चौकशी बसते. एका विभागाची माहिती दुसऱ्याकडे पोहोचते कशी, हा प्रश्न मागेच राहतो.

21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि किमान 22 करोना रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून 10 बालके गेली. रुग्णाचा जीव डॉक्टरांइतकाच टाकी, वीज आणि अग्निसुरक्षा सांभाळणाऱ्यांच्याही हाती असतो, हे या घटनांनी दाखवले.

बेंबळीसारख्या गावातून निघालेल्या रुग्णाला तर आणखी हात बदलावे लागतात. शेतात साप चावलेला माणूस आधी जवळच्या आरोग्य केंद्रात, मग 108 रुग्णवाहिकेतून धाराशिवला, तिथे अपघात विभाग, प्रयोगशाळा, अतिदक्षता कक्ष असा फिरतो. साप किती वाजता चावला, सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या दिल्या, रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी कधी केली, रिअ‍ॅक्शन आली का, यातली एक नोंद गळाली तरी पुढचा डॉक्टर अंधारात निर्णय घेतो. प्रत्येकाने आपले काम चोख करूनही रुग्ण धोक्यात येऊ शकतो, तो असा.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीच्या कुटुंबातले अमेरिकी सर्जन डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी तयार केली. त्यातला एक मुद्दा असा, की चमूतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. नाव माहीत असले, की शंका बोलून दाखवायला परिचारिका कचरत नाही. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आले. पाळी बदलताना ठरावीक क्रमाने माहिती सोपवण्याची पद्धत अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांत आणली, तेव्हा टाळता येण्याजोग्या दुर्घटना 30 टक्क्यांनी घटल्या.

पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अशी यादी सक्तीची केल्यावर मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. वरून आलेला कागद खुणा करून फायलीत लावला, तर संवाद होत नाही. मनुष्यबळ अपुरे असलेल्या आपल्या रुग्णालयांत हा धोका अधिक.

म्हणून सुरुवात छोटी हवी: रुग्ण पुढे पाठवताना सोबत चिठ्ठी आणि आधी डॉक्टर-ते-डॉक्टर फोन, सकाळी दहा मिनिटे उपचार, औषध भांडार, प्रयोगशाळा आणि तांत्रिक विभागांची एकत्र बैठक, आणि थोडक्यात टळलेली चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही, ही हमी. नातेवाइकांनीही निघण्यापूर्वी विचारावे, ‘काय दिले, किती वाजता दिले, ते लिहून द्याल का?’ रुग्णासोबत गाव ते जिल्हा सगळा प्रवास करणारे तेवढेच असतात.