एका कुलपाचा वाडा

२०२३ च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट ब व गट क संयुक्त पूर्वपरीक्षेची ९४,१९५ प्रवेशपत्रे एका टेलिग्राम वाहिनीवर जाहीर झाली. परीक्षा ३० एप्रिलला व्हावयाची होती. प्रवेशपत्रे फुटली ती तिच्या आठवडाभर आधी. प्रश्नपत्रिका सुरक्षित असल्याचा निर्वाळा आयोगाने दिला, परीक्षा ठरल्या दिवशी पार पडली, एका तरुण विद्यार्थ्याला अटक झाली आणि प्रकरण विस्मरणात गेले. धायरी-नऱ्हे परिसरात भाड्याच्या खोलीत राहून अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलांना ते इतक्या सहज विसरता आले असेल, असे वाटत नाही.

आयोगाच्या खुलाशातील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. अर्ज करताना प्रत्येक उमेदवाराचे स्वतंत्र खाते असते, त्याला परवलीचा शब्द असतो. प्रवेशपत्रे मात्र ‘बाह्यलिंक’द्वारे उपलब्ध करून दिलेली होती. वाड्याच्या दिंडीला कुलूप आणि दप्तराची पेटी ओसरीवर, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

संगणकाच्या या जाळ्याचा एक स्वभावधर्म सामान्य वापरकर्त्याला ठाऊक नसतो. त्याला मुळात स्मरणशक्ती नाही. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो तेव्हा पलीकडचा सर्व्हर आपल्याला नव्यानेच पाहत असतो. लॉगिन करताना तो आपल्या हाती एक बिल्ला देतो. पुढच्या प्रत्येक दारावर तो बिल्ला तपासला गेला, तरच लॉगिनला अर्थ. तेवढ्यानेही भागत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर ओळखपत्र दाखवून विद्यार्थी आत येतो, म्हणून परीक्षा विभागाचे कपाट उघडून शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. ‘तू कोण?’ हा एक प्रश्न आणि ‘हा कागद तुझा आहे काय?’ हा दुसरा. पुष्कळ संकेतस्थळे पहिला प्रश्न एकदाच विचारतात आणि दुसरा विचारीतच नाहीत. पडद्यावरचे बटण दडवले की काम झाले अशी त्यांची समजूत असते. खोलीवरची पाटी काढली, दार उघडेच.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला धायरी फाट्यावरील झेरॉक्सच्या दुकानात आपली शुल्काची पावती काढताना हे प्रत्यक्ष दाखवले. पत्त्याच्या ओळीतील शेवटचा आकडा त्याने एकाने वाढवला, आणि कोणा अनोळखी मुलीचे नाव, जात-प्रवर्ग व वडिलांचा दूरध्वनी क्रमांक समोर आला. त्याने घाईघाईने पान मिटले. संबंधित संस्थेला कळवले असता उत्तर आले की, असे आकडे बदलून पाहतो कोण? (उत्तर देणाऱ्याने विद्यार्थी कधी पाहिले नसावेत.)

ही चूक आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेत जमिनीच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या फर्स्ट अमेरिकन या बड्या कंपनीचे सुमारे ८८.५ कोटी दस्तऐवज २०१९ साली असेच उघडे सापडले; तेथेही पत्त्यातील आकडा बदलणे एवढेच कौशल्य पुरेसे होते. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय नियामकाने २०२३ मध्ये तिला १० लाख डॉलर दंड केला. भागाकार वाचकांनीच करावा.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या भागाकारातच रोगाचे मूळ दिसते. आतली कुलपे बसवण्याचा खर्च संस्थेला किंवा तिच्या कंत्राटदाराला करावा लागतो. ती न बसवल्याचा तोटा मात्र तिसऱ्यालाच सोसावा लागतो. गिरणीने सांडपाणी नदीत सोडावे आणि खालच्या गावाने आजारी पडावे, तसेच हे. त्यातून निविदा सर्वांत कमी दराची. निविदेत पाने किती, रंग कोणते, उद्घाटन केव्हा, हे सारे असते. न दिसणाऱ्या कुलपाची किंमत कोण मोजणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु तो दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

तेव्हा आरंभ निविदेपासूनच करावयास हवा. परीक्षा घेणाऱ्या, शुल्क स्वीकारणाऱ्या, दाखले देणाऱ्या प्रत्येक संस्थेने कंत्राटदाराच्या देयकाचा काही भाग राखून ठेवावा आणि त्रयस्थ तपासनिसाने एका उमेदवाराच्या खात्यातून दुसऱ्याचा कागद मागून पाहिल्यावरच, तो न मिळाल्याची खात्री करून, अदा करावा. ही तपासणी एका दुपारचे काम आहे. झेरॉक्सच्या दुकानात त्या मुलाला तर अर्धे मिनिटही लागले नव्हते.