सिनेमा चांगला, खेळ भरदुपारी

मराठी प्रेक्षक थिएटरकडे फिरकत नाही, हे रडगाणं आता जुनं झालं. 2025 मधले तीनच सिनेमे घ्या.

‘दशावतार’मध्ये ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री होऊन एकामागून एक सोंगं वठवतात, तेव्हा पैसे वसूल होतात. उत्तरार्धात संदेश जरा ठासून भरलाय, एवढंच.

जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ मात्र कुठेच आवाज चढवत नाही. विदर्भातली सविता पाहुण्यांपुढे बसते. नाव, शिक्षण, उंची, छंद, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. सुरुवातीच्या स्वप्नात बायका मुलाला बघायला बसतात. हसू येतं, पण पुढे सविताची पाळी आली की ते विरतं. रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ने तर सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यात दोन पुरुषांचं प्रेम इतक्या संथपणे उलगडतं की चटपटीत सिनेमांची सवय असलेला चुळबुळेल. तरीही तो पाहावाच.

पण कधी? हिंदीच्या गर्दीत मराठीच्या वाट्याला अनेकदा भरदुपारचा खेळ येतो. नोकरदारांनी रजा टाकायची का? पहिल्या आठवड्यात संध्याकाळचा एक तरी खेळ द्यावा, मग रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात.