मगरीचा फोटो लांबून काढा, आणि कामाचा काढा



थंडी पडली, नदीचं पाणी गार झालं, की मगर सकाळच्या उन्हाला काठावर येऊन पडते. तिच्या मागोमाग कॅमेरेवाले येतात. "दादा, होडी जरा पुढं घ्या की, अजून थोडी..." हे बोलणं कृष्णाकाठच्या होडीवाल्यांना आता नवीन राहिलेलं नाही. एका फेरीचे चार पैसे सुटतात, म्हणून आपला माणूसही वल्हं मारतो. या विषयावर आमचं मत स्पष्ट मांडायची वेळ आली आहे.

आधी एक गोष्ट. पाहुणे तिला ‘अ‍ॅलिगेटर’ म्हणतात. अ‍ॅलिगेटर अमेरिकेत आणि चीनमध्ये असतो, भारतात नाही. आपल्या नदीत आहे ती मगर, जिला जुनी माणसं सरसकट सुसर म्हणतात. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत तिचं बस्तान सगळ्यांना माहीत आहे. पुढं नरसोबावाडीला पंचगंगा मिळते, खाली येडूर-कल्लोळकडं दूधगंगा मिळते, आणि वेदगंगा आपल्या निपाणी भागातून वाहत दूधगंगेत जाते. पाणी सगळं एकच. 2019 आणि 2021 च्या पुरात यमगर्णीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा नदी कुठवर पसरते ते आपण बघितलंच. एवढ्या पाण्यात मगर कुठल्या गावची न् कुठल्या राज्याची, ते कोण ठरवणार?

आता मुद्द्याचं. मगर थंड रक्ताची आहे. अंगात ऊब आल्याशिवाय तिला नीट हालचाल करता येत नाही की खाल्लेलं पचत नाही. म्हणून ती तासन् तास उन्हात पडून असते. तोंड उघडं ठेवून पडली म्हणजे चिडली असं नाही, डोकं फार तापू नये म्हणून ती तसं करते. होडी अंगावर घातली की ती पाण्यात सटकते. फोटोवाल्याला त्या उडीचा फोटो हवा असतो, तो मिळतो. पण पुढं काय? ज्या मगरीवर दहा मिनिटांपूर्वी सगळ्यांची नजर होती, ती आता पाण्याखाली कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. त्याच पाणवठ्यावर आपल्या बायका धुणं धुतात, म्हशी पाण्यात बसतात, शेतकरी मोटर चालू करायला उतरतो, आणि आपण कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढतो. काठावर दिसणाऱ्या मगरीपासून माणूस लांब राहू शकतो. तिला हुसकून पाण्यात घालवणं म्हणजे धोका आपल्या हातानं आपल्या घराकडं वळवणं.

दुसरं, कोंबडीची घाण टाकून मगर जवळ आणायची खोड. हे ताबडतोब बंद झालं पाहिजे. माणूस आला की खायला मिळतं हे मगरीच्या डोक्यात एकदा बसलं की ती माणसाला बुजायची थांबते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात रानटी अ‍ॅलिगेटरला खाऊ घालणं याच कारणासाठी कायद्यानं गुन्हा आहे. तिथंही हजारो लोक फोटो काढतात, पण पाणथळीवर बांधलेल्या लाकडी वाटांवरून. आपल्याकडचा कायदाही कडक आहे. मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वन्यप्राण्याला आमिष दाखवणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच धरलेलं आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान 3 वर्षं तुरुंग आहे. होडीही जप्त होऊ शकते. फोटो घेऊन पाहुणा पुण्या-मुंबईला जाईल. होडी आपली जाईल.

तिसरं, घरटी. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला मादी मळीत खड्डा करून अंडी घालते आणि पाऊस लागायच्या आधी पिल्लं बाहेर येतात. तेवढे दिवस ती जवळपासच असते आणि कुणालाही अंगावर घेते. घरट्याची जागा कुठल्याही पाहुण्याला दाखवू नका, फोटोखाली गावाचं नाव टाकू नका.

काही सभासद म्हणतील, "मग आम्ही चार पैसे मिळवायचेच नाहीत का?" मिळवा की! चिपळूणकडं वाशिष्ठीच्या खाडीत आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात होड्यांतून लोकांना मगरी दाखवल्या जातातच. नदी आपल्याला पाठ आहे, त्यामुळं मगर दाखवायचा पहिला मान आपलाच. फक्त नियम आपले असावेत. होडी मगरीपासून निदान 50 मीटर लांब थांबेल. इंजिन आधीच बंद होईल. एका जागेवर दोन होड्या जाणार नाहीत. कुणी खाणं टाकणार नाही, हात पाण्यात घालणार नाही. पाहुण्याकडं मोठी लेन्स असते, तिचा उपयोग तरी काय मग? हे ज्याला पटत नाही त्याला होडीत घेऊ नका, तो किती का पैसे देईना.

आणि आता आमचं खरं सांगणं. फोटो आपणही काढले पाहिजेत, कारण आपल्याला त्यांची जास्त गरज आहे.

महाराष्ट्रात समुद्रावरच्या मच्छीमारांसाठी डिसेंबर 2018 पासून एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमुशी असला संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा काय लागतो? फोटो नाहीतर व्हिडिओ. समुद्रावरच्या भावाला जे मिळतं ते नदीवरच्या भोयाला, अंबिगाला का नको? मगर जाळ्यात शिरली की जाळ्याच्या चिंध्या होतात. ती मेली तर गुन्हा आपल्यावर, आणि ती सुटावी म्हणून जाळं कापलं तर नुकसानही आपलंच. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही सरकारांनी नदीसाठी अशीच योजना आणावी ही आमची मागणी आहे.

पण नुसतं तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून प्रत्येक सभासदानं एवढं करावं. मगर दिसली की लांबूनच मोबाईलवर फोटो घ्या. तारीख, वेळ आणि डोहाचं किंवा बंधाऱ्याचं नाव लिहून ठेवा. जाळं फाटलं तर ते पाण्यातून काढल्या काढल्या, शिवायच्या आधी त्याचा फोटो घ्या. हे सगळं संस्थेच्या ऑफिसात जमा करा. ते आपण बाहेर पसरवणार नाही. एक वर्षाच्या नोंदी जमल्या की बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडच्या वन आणि मत्स्य खात्यापुढं त्या मराठीत आणि कन्नडमध्ये ठेवता येतील. मगरी कुठं जास्त दिसतात ते कळलं, तर कुठल्या घाटावर फलक लावायचा आणि कुठं धुण्याला जाळीचं कुंपण मागायचं हेही ठरवता येईल.

गोव्यात काही गावांत पौष अमावास्येला शेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. आपली गंगामाईसुद्धा मगरीवरच बसलेली आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, तसं मगरीशीही नको आणि लगटही नको. लांबून बघा, नोंद ठेवा आणि आपल्या हक्काचं मागून घ्या.