किंगमेकर म्हणे! आणि ॲन बोशांप?

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्याकडे 'किंगमेकर' हा शब्द हमखास कानावर पडतो. इंग्लंडच्या इतिहासात तो कायमचा चिकटलाय रिचर्ड नेव्हिलला, वॉरिकच्या अर्लला. आधी चौथ्या एडवर्डला गादीवर बसवणारा आणि १४७० मध्ये उलटून सहाव्या हेन्रीला परत आणणारा हा बडा सरदार. त्याचा दरारा, त्याचा पैसा, त्याच्या लढाया, सगळं चवीने सांगितलं जातं. पण तो 'वॉरिक' झालाच कसा, हे एका ओळीत उरकतात. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे.

वॉरिक हा किताब नेव्हिल घराण्याचा नव्हताच. तो बोशांप घराण्याचा, आणि त्यांच्याकडेही १२६८ मध्ये आईच्या बाजूने आलेला. १४४६ मध्ये हेन्री बोशांप वारला, १४४९ मध्ये त्याची लहानगी मुलगीही गेली. मग वारसा आला हेन्रीच्या सख्ख्या बहिणीकडे, ॲनकडे. नेव्हिल हा ॲनचा नवरा, म्हणून तो अर्ल. त्याचा दुसरा किताब सॉल्सबरीचा. तोही त्याच्या बापाला मिळाला होता बायकोमुळेच. म्हणजे 'किंगमेकर'चे दोन्ही मोठे किताब बायकांकडून आलेले!

१४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत नेव्हिल मारला गेला. ॲनने ब्यूली मठात आसरा घेतला आणि तिथून आपल्या हक्कासाठी अर्ज लिहिले. तिच्या दोन मुलींची लग्नं राजाच्या दोन भावांशी झाली होती, आणि त्या जावयांना सासूची इस्टेट हवी होती. १४७४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: ॲन जणू मेलीच आहे असं धरून वाटणी करा. बाई जिवंत होती. त्यानंतर ती अठरा वर्षं जगली.

आता कुणीतरी म्हणेलच, "अहो, तो काळच तसा होता, कायदेच तसे होते." साफ चूक. त्या काळचा कायदा ॲनच्या बाजूने होता. म्हणून तर तिला कागदावर मारावं लागलं! हक्क नसता, तर खास कायदा करायची गरजच काय होती?

१४८७ मध्ये सातव्या हेन्रीने तिची इस्टेट तिला परत दिली, ती कशासाठी? तिने ती त्याच्याच नावावर करून द्यावी म्हणून. आणि तिचा नातू एडवर्ड, वॉरिकचा पुढचा अर्ल? दहा वर्षांचा असताना कैदेत टाकला आणि १४९९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याचं मुंडकं उडवलं.

घराण्यांचा इतिहास बापाकडून मुलाकडे सरळ वाहतो, हे चित्रच खोटं आहे. वॉरिकची वंशावळ तुम्ही शोधाल, तेव्हा आधी ॲनचं नाव शोधा. ती तिथे फक्त 'किंगमेकरची पत्नी' असेल, तर समजा, १४७४ चा तो कायदा अजून रद्द झालेला नाही.