प्रिटी येंडेचा आवाज आणि मधल्या पायऱ्या

दक्षिण आफ्रिकेची सोप्रानो प्रिटी येंडे हिची कहाणी माध्यमं एकाच साच्यात सांगतात. सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी टीव्हीवर ब्रिटिश एअरवेजची जाहिरात पाहते, त्यातलं गाणं तिला झपाटतं, दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारल्यावर कळतं की याला ऑपेरा म्हणतात. मग थेट न्यूयॉर्क, पॅरिस आणि ६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात एकल गायन.

ती जाहिरात लाखोंनी पाहिली होती. त्यामुळे आम्हाला या कहाणीच्या मधल्या भागात जास्त रस आहे.

प्रिटीचा जन्म १९८५ चा, वर्णभेद कायद्यानं चालू असतानाचा. केप टाऊनचं निको मलान नाट्यगृह १९७१ मध्ये उघडलं तेव्हा ते फक्त गोऱ्यांसाठी होतं. पण काळ्या वस्त्यांमधल्या चर्चमध्ये आणि शाळांत समूहगायन पिढ्यान् पिढ्या जिवंत होतं. पियानो परवडत नसे, म्हणून स्वर अक्षरांत लिहून शिकवत, आपल्या सारेगमसारखे. प्रिटीही लहानपणी चर्चमध्येच गायली. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, केप टाऊन विद्यापीठात व्हर्जिनिया डेव्हिड्स या गुरू लाभल्या, २००९ ला व्हिएन्नाची बेल्व्हेडेर स्पर्धा, मिलानच्या ला स्काला अकादमीत प्रशिक्षण, २०११ ला ऑपेरालियाचं पहिलं पारितोषिक. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ऐनवेळी भूमिका मिळाली, ती जेमतेम आठवड्याच्या तयारीवर तिनं पेलली. तिच्या मागून लिम्पोपोची मसाबाने सेसिलिया रांग्वानाशा आली, २०२१ मध्ये कार्डिफच्या जागतिक स्पर्धेत तिनं गीतगायनाचं पारितोषिक घेतलं. म्हणजे हा एकटीचा चमत्कार नाही.

आणि पायऱ्या चढून गेल्यावरही रंग पाठ सोडत नाही. जून २०२१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर आपल्याला अडवून, कपडे उतरवून झडती घेतली, असं प्रिटीनं जाहीरपणे सांगितलं. पोलिसांनी कपडे उतरवल्याचं नाकारलं. तेव्हा ती पॅरिसमध्येच प्रमुख भूमिका गात होती.

जाहिरातीतलं ते गाणं लिओ दलीबच्या 'लाक्मे' या फ्रेंच ऑपेरातलं आहे. कथा भारतातली, नायिका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. दुसऱ्या अंकात बाप तिला भर बाजारात गायला लावतो आणि ती गाते एका 'परिया'च्या मुलीची गोष्ट. ही मुलगी घंटा वाजवून जंगलातल्या श्वापदांपासून एका अनोळखी तरुणाला वाचवते. तो निघतो विष्णू, आणि तिला स्वर्गात नेतो. परिया हा शब्द तमिळनाडूच्या परैयर जातीवरून युरोपात गेला. अस्पृश्याच्या लेकीची गोष्ट युरोपच्या रंगमंचावर आहे, पण ती गाते ब्राह्मणाची लेक, आणि लेकीची सुटका होते ती देवाच्या कृपेनं. या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला १४ एप्रिल १८८३ ला, बाबासाहेबांच्या जन्माच्या बरोबर आठ वर्षं आधी. योगायोगच, पण लक्षात राहणारा.

आपली गोष्ट आपण स्वतः गायलो. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी, वस्तीवस्तीतली गायन पार्टी हे आपलं समूहगायनच आहे. पहिली पायरी आपल्याकडे भक्कम आहे. त्यानंतरच्या पायऱ्या कुठे आहेत? परदेशी शिक्षणाच्या केंद्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहासाचे विषय वगळले गेले, तेव्हा आपण ओरडलो आणि ते योग्यच होतं. पण घरात मुलगी म्हणाली की मला गाणंच शिकायचंय, तर आपणही तिला आधी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पाठवतो. गरिबी पाहिलेल्या आईबापांना त्याबद्दल दोष देणं सोपं नाही, म्हणून ही जबाबदारी मंडळांनी आणि विहारांनी उचलायला हवी. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एका रात्रीचा खर्च आणि वस्तीतल्या एका मुलीची वर्षभराची गायनाची फी, हे दोन आकडे पुढच्या बैठकीत शेजारी शेजारी लिहून पाहूया.