शिक्षकांचे संघ आणि सारा भरणारा शेतकरी

साऱ्याची पावती आमचे बहुतेक बांधव न वाचतांच खिशांत घालतात, आणि पुढें ती सदऱ्याबरोबर धुण्यांत जाते. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेल्यामुळें तिचे रकाने आम्हांस तोंडपाठ आहेत. महसुलाशेजारीं जिल्हा परिषदेचा उपकर असतो. आणि उसासारखें नगदी पीक असल्यास १९६२ च्या कायद्यान्वयें शिक्षणकराची विशेष आकारणी लागते. ही रक्कम मोठी नाहीं. खताच्या गोणीवर जो कर आपण दुकानांत नकळत देतों, तो वर्षाकाठीं याहून पुष्कळ अधिक भरतो. तेव्हां सरकारी शाळा फुकट आहे ही समजूत खरी नव्हे. तिचे पैसे आपणच भरतों.

त्या पैशाविषयीं निर्णय होतांना कोणाचा शब्द चालतो, हें आज पाहावयाचें आहे.

आपल्या विधान परिषदेंत ७८ सभासद आहेत. घटनेच्या १७१ व्या कलमानें त्यांतील सुमारें एक-द्वादशांश शिक्षकांनीं निवडावयाचे असतात. अशा जागा ७. माध्यमिक किंवा त्यावरील शाळेंत तीन वर्षें शिकविलेल्यास हें मत मिळतें. गांवच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींस तें नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. शेतकऱ्यांकरितां राखलेली एकहि जागा त्या सभागृहांत नाहीं. शेतकऱ्यांस विधानसभा मोकळी आहे, असें यावर उत्तर देतात. तें खरें, परंतु आपण निवडून पाठविलेला शेतकरीपुत्र तेथें शाळेविषयीं किती वेळां बोलला, तें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

या सात जागांचें वजन २०२३ सालीं उघड दिसलें. डिसेंबर २०२२ मध्यें नागपूरच्या अधिवेशनांत तत्कालीन उपमुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं, जुनी निवृत्तिवेतन योजना परत आणल्यास राज्यावर १ लक्ष १० हजार कोटींचा भार पडेल, सबब ती आणतां येणार नाहीं, असें सांगितलें. पुढें ३० जानेवारीस शिक्षक मतदारसंघांत मतदान झालें. आमच्या औरंगाबाद विभागांत श्री. विक्रम काळे यांनीं जागा राखली. नागपूर विभागांत मात्र भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले विद्यमान सभासद श्री. नागो गाणार पडले व श्री. सुधाकर अडबाले निवडून आले. निवडणुकींत निवृत्तिवेतनाचीच चर्चा होती. मार्चच्या १४ तारखेस राज्यभर कर्मचारी व शिक्षक यांचा संप सुरू झाला, आणि सातव्या दिवशीं मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर तो मिटला. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांची जुनी योजना बंद होती. त्यांस अखेरच्या वेतनाच्या निम्में निवृत्तिवेतन देणारी सुधारित योजना मार्च २०२४ मध्यें जाहीर झाली. पंधरा महिन्यांत सरकारची भाषा एवढी मवाळ झाली!

येथें आमची स्वतःची गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. आम्ही २००५ पूर्वीं नोकरीस लागलेले. जुनें निवृत्तिवेतन दरमहा घेतों. त्या सात दिवसांत आमच्या कचेरीसहि कुलूप होतें, आणि आम्ही झाडाखालीं घोषणा देत बसलों होतों. फेरफाराच्या नकलेसाठीं तीन हेलपाटे घातलेला एक म्हातारा समोर येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं म्हातारपण सरकार सांभाळील, माझं कोण?" आम्हीं त्यास चहा पाजला. दुसरें कांहीं देतां आलें नाहीं. १९७७ सालीं ५४ दिवसांचा संप झाला, तेव्हां आम्ही शाळकरी होतों. वर्ग बंद होता आणि आम्ही मजेंत ज्वारीची राखण करीत होतों. वर्ष बुडतें म्हणजे काय बुडतें, हें त्या वयांत कळत नाहीं.

तेव्हां संघ करणें हा गुन्हा आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. संघाच्या कित्येक मागण्या आपल्याच हिताच्या असतात. निवडणूक शाखेंत असतांना शाळेंतील शिक्षक मतदारयाद्यांच्या कामास लावण्याचे आदेश आम्हींच लिहून काढले आहेत. त्या आदेशानें वर्गांत किती दिवस शिक्षक नसेल, हा रकाना आमच्या नमुन्यांत नव्हता. अशा कामांविरुद्ध संघ ओरडतात, तें रास्तच आहे. वीसहून कमी पट असलेल्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचें ठरलें, तेव्हां २५ सप्टेंबर २०२४ रोजीं शिक्षकांनीं सामुदायिक रजा घेऊन मोर्चे काढले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील तांड्यांच्या व वस्त्यांच्या शाळा अशाच लहान असतात. त्यांची बाजू त्या दिवशीं शिक्षकांनीं मांडली. आपण कापूस वेंचण्याच्या घाईंत होतों.

पण दुसरी बाजूहि आहे. बदलींत सवलत मिळावी म्हणून दिव्यांगत्वाचे दाखले जोडलेल्या कित्येक शिक्षकांवर २०२२-२३ च्या सुमारास आमच्या जिल्हा परिषदेनें फेरतपासणीनंतर निलंबनाची कारवाई केली. त्यांत दोषी कोण व निर्दोष कोण, हा निवाडा आमचा नव्हे. सोयीची शाळा मिळविण्यासाठीं एवढी धांवपळ चालते, तेव्हां गैरसोयीच्या शाळेंतील मुलांचें काय होतें, हें विचारणारा कोणी नसतो, एवढेंच आमचें म्हणणें.

तो कोणी कायद्यानें मात्र नेमलेला आहे! २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तींत तीनचतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख करणें, विकास आराखडा तयार करणें आणि अनुदानाचा विनियोग पाहणें हीं तिचीं कामें होत. आमच्या तालुक्यांतील एका शाळेच्या समितीची इतिवृत्ताची वही आम्हीं गेल्या वर्षीं पाहिली. माघांतील सभेस अध्यक्षांची सही होती. ते गृहस्थ दिवाळीपासून टोळीबरोबर कर्नाटकांत ऊस तोडीत होते, आणि चैत्रांत परतले. जन्मभर सह्या तपासलेल्या माणसास त्या सहीचें वळण पाहून हसूं आलें. मुख्याध्यापकांस विचारतां ते म्हणाले, "सभा झाली नाही तर शेरा आमच्यावर येतो. सदस्य येत नाहीत. आम्ही काय करावं?" आमचें हसूं तेथेंच थांबलें.

त्या समितींत लिहितावाचता बागाइतदार एकहि नव्हता. कसा असावा? आपण आपलीं मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घातलीं, त्याच दिवशीं गांवच्या शाळेंतलें आपलें पालकपण संपलें. उरला तो ऊसतोड मजूर. सहा महिने तो गांवांत नसतो, आणि गांवीं असला तरी हिशेबाचा कागद वाचतां न आल्यामुळें गप्प बसतो. एकीकडे राज्यभर बांधलेला संघ, दुसरीकडे सरकार, आणि शाळेच्या बाजूनें हा एकटा! संघाचें वजन वाढलें अशी तक्रार आपण पारावर करतों. त्यांत आपण उठून गेलेल्या जागेचें वजनहि धरलें पाहिजे.

समितींत पालकांखेरीज स्थानिक शिक्षणतज्ज्ञासहि स्थान आहे. तेथें आपल्या मंडळाच्या एखाद्या जाणत्या सभासदानें बसावें. वर्षाची मुख्य सभा टोळ्या निघण्यापूर्वीं, भाद्रपदांत घ्यावी. शाळेस आलेलें अनुदान व झालेला खर्च ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा. तालुक्यांतील शिक्षकसंघांच्या पदाधिकाऱ्यांसहि आपल्या सभेस बोलवावें, आणि टोळीबरोबर गेलेल्या मुलांची हजेरी कशी भरून काढतां, हें सरळ विचारावें. ते पाहुणे म्हणून येतील, तेव्हां चहापाण्यांत कसूर होऊं नये.

आमच्या गांवची समिती येत्या हंगामापूर्वीं नव्यानें बनावयाची आहे. त्या सभेस आम्ही जाणार आहों. मागील तीन वर्षांच्या वह्या पाहावयास मिळाव्यात असा अर्ज मुख्याध्यापकांकडे देऊन पोंच घेतली आहे.